भादव्यातलं लाकडी विमान

भादवा लागला की आमच्या खाचरांवर चतुर उतरतात. चतुर म्हणजे ते लांब शेपटीचे, चार पंखांचे किडे. पोरं ज्यांच्या शेपटीला दोरा बांधतात ते. इतर गावांत शे-दोनशे येत असतील, आमच्याकडे ते ढगानं येतात. एका वर्षी तर एवढे आले की त्यांच्या पंखांच्या वाऱ्यानं माझं दांडीवरचं ओलं धोतर अर्ध्या घटकेत वाळलं आणि उरलेल्या वाऱ्यावर शेजारणीनं आपली गोधडी वाळवून घेतली. शेजारीण आता हयात नाही, नाहीतर तुम्ही तिला विचारू शकला असता.

यंदाही आले आहेत. सकाळी ओट्यावर चहा पीत बसलो होतो, तर एक तांबडा चतुर बशीच्या काठावर येऊन टेकला. दोनदा उठला, दोनदा बसला आणि तिसऱ्यांदा उठला तो गेलाच. मी म्हटलं, अरे, हे तर नानांचं विमान.

भादवा हा आमच्याकडे रिकामा महिना. लावणी कधीच उरकलेली, बेणणी, म्हणजे तण काढणंही झालेलं, कापणीला अजून दसरा उजाडायचा. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात पोटरीतून बाहेर पडून दुधावर येतं. बांधावरून चालताना त्याचा कोवळा, निरशा दुधासारखा वास येतो आणि जेवून उठलेल्या माणसालाही उगाच भूक लागते. पाऊस असतो, पण आता तो लांबच्या पाहुण्यासारखा: येतो, दोन शब्द बोलतो, जातो. त्याच्या मागून ऊन असं पडतं की माथेरानचा डोंगर कुणीतरी आत्ताच घासूनपुसून पालथा घातलेल्या पातेल्यासारखा दिसतो. आणि माणसाच्या हाताला काम नसतं. हाताला काम नसलं की ते तोंडाला लागतं. आमच्या गावातली यच्चयावत भांडणं, सोयरिकी आणि विमानं भादव्यात जन्मलेली आहेत.

नाना होते तेव्हा मी भाताची गिरणी चालवत होतो. पोशीरच्या अलीकडे, आमच्या तळ्याच्या काठाला लागून. तिचं डिझेलचं इंजिन सुरू झालं की नेरळच्या स्टेशनात लोक गाडी आली म्हणून उभे राहायचे. भादव्यात मात्र घराघरातलं जुनं भात संपलेलं आणि नवं शेतात उभं, त्यामुळे गिरणी झोपलेली. तिच्या ओट्यावर मग गाव बसायचं, आणि गावाच्या मधोमध नाना बसायचे.

नाना नात्यानं माझे चुलते. अंगानं इतके हडकुळे की वाऱ्याच्या दिवशी इरलं घेऊन निघाले तर यमुनाकाकी त्यांच्या खिशात दोन दगड टाकून मगच उंबरा ओलांडू द्यायच्या. आमच्या गावात समुद्र पाहिलेला हा एकच माणूस. लढाईच्या वर्षांत घरात भांडून मुंबईला गेले आणि मालवाहू बोटीवर आगवाला म्हणून लागले. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात बसून भट्टीत कोळसा टाकणारा. अर्धं जग त्यांनी असं पाहिलं की पाहायला खिडकीच नव्हती. पण एकदा, लढाई संपल्यावर, त्यांची बोट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका बंदरात दुरुस्तीला अडकली. आपल्याकडे स्वातंत्र्य येऊन अडीच महिने झाले होते. नाना हवा खायला डेकवर आले आणि त्यांनी ते पाहिलं.

ते म्हणजे पाण्यावर बसणारं विमान. बोटीसारखं पोट, वर पंख. आठ इंजिनं. आणि सगळं लाकडाचं.

हे नाना सांगायचे तेव्हा आधी एकदा थांबायचे, तंबाखू मळायचे आणि 'लाकडाचं' हा शब्द परत एकदा म्हणायचे. पंख किती मोठे? तर एका टोकाला माणूस उभा केला आणि दुसऱ्या टोकावरून हाक मारली, तर त्याला उद्या ऐकू येईल एवढे. ते विमान पाण्यावरून धावत आलं, त्यांच्या बोटीच्या डोलकाठीवरून गेलं, क्षितिजापर्यंत जाऊन वळलं, आणि चालवणाऱ्या शेठनं खिडकीतून हात बाहेर काढून नानांना सलाम केला. पहिल्या वर्षी हे उड्डाण पाच मिनिटांचं होतं. पुढं ते दर भादव्यात दोन-दोन मिनिटांनी वाढत गेलं. मी गिरणी घेतली त्या सुमारास विमान उठल्यावर नाना एकदा भट्टीत कोळसा टाकून, चहा पिऊन वर येत आणि तरी ते हवेतच असे.

गावाला ही गोष्ट पाठ होती आणि गावातल्या एकाही माणसाचा तिच्यावर विश्वास नव्हता. सगळ्यांत कमी विश्वास यमुनाकाकींचा. काकींची ख्याती अशी की ही बाई जन्मात खोटं बोललेली नाही. स्वतःच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तर पोहे पुढं करत यांनी सांगितलं की पोरगी घोरते, आणि राग आला की भांडी आपटते. पाहुणे एवढे दचकले की त्यांनी जागच्या जागी होकार दिला. अशी बाई आणि घरात असा नवरा. नाना विमानावर आले की काकी सूप उचलून परड्यात जायच्या. एवढ्या वर्षांत त्यांनी ती गोष्ट शेवटपर्यंत कधी ऐकली नव्हती.

मग एका वर्षी त्या विमानाचा मालक, तोच शेठ, वारला. अमेरिकेतला मोठा श्रीमंत आणि तितकाच विक्षिप्त माणूस, त्यामुळे पुढं कितीतरी महिने त्याच्याविषयी कुठं ना कुठं छापून येत राहिलं. आमच्याकडे ते आलं भादव्यात, रविवारच्या पुरवणीत, कर्जतच्या वाण्यानं गूळ बांधून दिला त्या कागदावर. गूळ सोडवता सोडवता माझं लक्ष फोटोकडे गेलं आणि माझ्या हातातला गूळ पडला. पाण्यावर बसलेलं, आठ इंजिनांचं, डोंगराएवढं विमान.

मी ओट्यावर मोठ्यानं वाचायला लागलो. लढाईत समुद्राखालच्या पाणबुड्या मालाच्या बोटी बुडवीत होत्या, म्हणून बोटींनाच वरून न्यावं अशी कल्पना निघाली. शेकड्यानं सैनिक एका खेपेत नेता यावेत. धातू लढाईला पुरत नव्हता, म्हणून हे लाकडाचं. लाकूड बहुतेक भूर्जाच्या कुळातलं, ज्याच्या सालीवर आपल्याकडे जुन्या पोथ्या लिहीत. पातळ पापुद्रे काढून एकावर एक चिकटवायचे, पापडाच्या चळतीसारखे. हे सगळं करेपर्यंत लढाई संपून गेली. मग लोक हसायला लागले, लाकडी बदक म्हणायला लागले. सरकारनं शेठला समितीपुढं उभं करून विचारलं की पैसा कुठं गेला. शेठ चिडला. विमान उडालं नाही तर देश सोडून जाईन, असं म्हणाला. आणि एक दिवस बंदरात पाण्यावरून नुसतं पळवून दाखवायचं म्हणून स्वतः चालवायला बसला. दोनदा पळवलं. बरेच बातमीदार बातम्या द्यायला निघूनही गेले. तिसऱ्यांदा पळवलं आणि उचललं.

ओट्यावर इतकी शांतता झाली की खाचरातल्या भातात दूध भरताना ऐकू आलं. गावानं नानांकडे पाहिलं. नानांनी टोपी सरळ केली. सगळी हयात ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण गुळाच्या कागदातून आला होता.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मला लहानपणापासून वाईट खोड, हाती लागलेलं शेवटपर्यंत वाचायची. पुढं लिहिलं होतं: विमान जेमतेम मैलभर गेलं, पाण्यापासून सत्तरेक फूट उंचीवरून. हवेत होतं एका मिनिटाहून कमी. त्यानंतर पुन्हा कधीही उडालं नाही.

पाटीलमामा, म्हणजे आमचे पोलीस पाटील, हळूच खोकले. म्हणाले, "नाना, एका मिनटात तुमचा च्या पिऊन झाला?"

गाव हसलं ते थेट शेलूपर्यंत ऐकू गेलं असेल. पाटीलमामा तसे वाईट नव्हते, पण हातात आलेली गोष्ट सोडणारेही नव्हते. ते म्हणाले, कागदवालेही पोट भरायला लिहितात. लाकडाची वस्तू पाण्यावर तरंगेल, वाहील, बुडेल, पण माणूस घेऊन पाण्यातून वर उठेल हे त्यांना कुणी दाखवल्याशिवाय पटणार नाही. नाना उठून उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले होते.

"दावतो," ते म्हणाले. "गवरी गेल्या की दुसऱ्या दिशी. ह्याच तळ्यात. नाय उठलं तर परत माज्या तोंडातून इमानाचा शबुद निगणार नाय."

आता हे तुम्हाला लहान वाटेल. शेठ देश सोडायला निघाला होता, नाना फक्त गोष्ट सोडायला. पण मी सांगतो, शेठचं काय, त्याला दुसरा देश मिळाला असता. नानांकडे दुसरी गोष्ट नव्हती. जमीन दीड खंडीची, मुलगी सासरी, तोंडात चार दात. बोटीच्या पोटात घालवलेल्या अंधाऱ्या वर्षांतून त्यांनी वर आणलेली ती एकच वस्तू होती. ती गेली असती तर गिरणीच्या ओट्यावर बसून त्यांनी काय केलं असतं? पावसाबद्दल बोलले असते, सगळे बोलतात तसे.

पाटीलमामांनीही शब्द दिला. उठलं, तर दर भादव्यात ओट्यावर बसून सगळी गोष्ट पहिल्यापासून ऐकेन आणि मधे एक शब्द बोलणार नाही. उठलं की नाही हे ठरवायचं कुणी? त्यावर गावाचं दोन मिनिटांत एकमत झालं, जे आमच्याकडे पुन्हा कधी झालं नाही. ठरवायचं यमुनाकाकींनी. काकी हे ऐकून एवढंच म्हणाल्या की मी पाहीन ते सांगेन, घरचं म्हणून पदरचं घालणार नाही. नानांचा चेहरा त्याच क्षणी पडला. त्यांना पाण्याची भीती नव्हती, वाऱ्याची नव्हती, काकींची होती.

मग ते सात दिवस. अजूनही भादव्यात कोवळ्या बांबूचा वास आला की माझे हात शिवशिवतात. आमच्याकडे लावणी सावडीनं होते: आज सगळ्यांनी माझ्या खाचरात वाकायचं, उद्या मी तुमच्या. विमानही तसंच झालं. सावडीत मुकादम नसतो. प्रत्येकाला आपला तुकडा, आणि दुसऱ्याच्या तुकड्यात नाक खुपसायचं नाही. विमानाचं पोट म्हणून गुरांना पाणी पाजायची सावरीच्या लाकडाची जुनी डोण घेतली. सावर एवढी हलकी की डोण उचलायला आठ जण गेले आणि सहा जण हात हलवत परत आले. डावा पंख गावानं करायचा, म्हणजे दादू सुतारानं. उजवा पंख वरच्या वाडीनं, म्हणजे हिरूनं. हिरू ठाकर डोंगरातला, टोपल्या, कणग्या आणि इरली विणण्यात त्याचा हात धरणारा माणूस तालुक्यात नव्हता. दादू बुटका, गोल, उखळासारखा. हिरू उंच, आणि हात असे लांब की उभ्यानं पायाची माशी हाकलायचा. दोघांना नानांनी एकच माप सांगितलं: पंख चौदा हात.

इंजिन विमानावर चढवायचं नव्हतं; ते चढलं असतं तर विमान थेट पाताळात गेलं असतं. माझी युक्ती अशी की गिरणीच्या चाकाला लाकडी रहाट जोडायचा, त्याला काथ्याचा लांबलचक दोर, दोराचं दुसरं टोक विमानाच्या नाकाला, आणि विमान तळ्याच्या पलीकडच्या काठाला. इकडे इंजिन सुरू झालं की रहाट दोर गुंडाळणार आणि विमान पाण्यावरून गिरणीकडे धावत सुटणार, पोरं पळत पतंग चढवतात तसं. उठल्यावर नानांनी कमरेच्या आकडीतला कोयता काढून दोर तोडायचा. पुढं काय करायचं हे कुणी ठरवलं नाही. अमेरिकेतही ते ठरलेलं नसावं.

पंखांवर आणि शेपटावर चढवायला कापड काकींनी दिलं. दोन जुनी लुगडी. देताना म्हणाल्या, वाया जाणार हाय, पण फाटलेलं हाय. त्यावर दादूच्या बायकोनं तांदळाच्या पेजेची घट्ट खळ फासली आणि उन्हात टाकलं. वाळल्यावर ते असं ताणलं गेलं की टिचकी मारली तर मृदंगासारखं वाजे. रात्रीतून दादूच्या म्हशीला त्या खळीचा वास लागला. सकाळी पाहतो तर शेपटाचं अर्धं लुगडं म्हशीच्या पोटात आणि म्हैस नव्या नवरीसारखी खाली मान घालून उभी. परत खळ, परत ऊन. लढाईतल्या त्या कारखान्यातही असे अडथळे आलेच असतील. फक्त पुरवणीवाल्यांनी म्हशीचा उल्लेख टाळला.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी दोन्ही पंख तळ्यावर आणून डोणीला जोडले आणि सगळं गाव एका बाजूला मान वाकडी करून बघत राहिलं. उजवा पंख डाव्यापेक्षा कंबरभर लांब होता. दोघंही चौदा हातच होते. पण डावा दादूच्या हातानं मोजला होता आणि उजवा हिरूच्या.

आता हिरूचा पंख कापावा तर वाडीच्या सावडीवर करवत चालवल्यासारखं. दादूचा वाढवावा तर दादूचा हात आखूड हे गावासमोर कबूल करणं आलं. दादू म्हणाला माझा हात बरोबर आहे, या हातानं गावातली सगळी दारं बसलीत. हिरू म्हणाला, दारं खरी, पण प्रत्येक माणूस वाकून आत जातो. दोघांनी एकमेकांच्या कोपराला कोपर लावून हात मोजले, आणि दोघांनीही मान्य करायला नकार दिला. शेवटी नानांनी तोड काढली. लांब पंख जास्त उचलणार, तर त्याच्यावर वजन द्यावं. काकींचा वरवंटा आणला आणि उजव्या पंखाच्या टोकाला बांधला. काकींनी बजावून सांगितलं की संध्याकाळी चटणीच्या वेळेला वरवंटा घरात पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळ्याच्या दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता. गणपतीला मुंबईहून आलेले सगळे थांबले होते. कुंभिवलीकडचे लोक घाट रस्त्यावरची कामं सोडून आले होते. म्हणतात त्या दिवशी हमरस्त्यावर ट्रक एकटे, ड्रायव्हरशिवाय गेले. नाना डोणीत बसले. डोक्याला मुंडासं, कमरेला कोयता. काकी त्यांच्या वाटेच्या बाजूला, तळ्याच्या मध्यावर जो काठ पुढं येतो तिथं, गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, म्हणजे पुढून-मागून काही आड येणार नाही. निवाडा करणाऱ्यानं जवळून पाहायला हवं, असं त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं, तर दोर नाकाच्या खुंटीतून सुटला आणि साप धावावा तसा एकटाच गिरणीत आला. दुसऱ्यांदा विमान धावलं, पण तळ्यात बसलेल्या दोन म्हशी आडव्या आल्या आणि नानांना दिशा बदलून लव्हाळ्यात शिरावं लागलं. लोक घराकडे वळायला लागले. पाटीलमामांनी छत्री मिटली. तेव्हा नानांनी डोणीत उभं राहून दोन्ही हात वर केले, आणि मी इंजिनाचा खटका पूर्ण दाबला.

पुढचं मला अनेकांनी सांगितलं आहे. विमान पाण्यावरून असं आलं की मागं दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि तळं मधोमध फाटल्यासारखं झालं. काकींच्या समोर आलं तेव्हा डोणीचं नाक वर झालं. मग पोट वर झालं. मग ते डावीकडे कललं, कारण वरवंट्यानं साथ सोडली होती. नानांनी दोर तोडला, विमानानं एक गिरकी घेतली आणि पाणकणसांत जाऊन बसलं. वरवंटा तळ्याच्या तळाशी गेला तो आजतागायत आहे. नाना डोक्यावर शेवाळाचं मुंडासं घालून उभे राहिले.

किती उठलं? दादू म्हणाला तीन हात. हिरू म्हणाला दोन हात. आणि दोघंही खरंच बोलत होते. मुंबईकरांत कुणी झाडाएवढं म्हणालं. पाटीलमामा म्हणाले, उठलं नाही, ठेच लागून उडी मारली. उडी आणि उडणं यात फरक आहे, बेडूकही मारतो. लोकांत कलकल सुरू झाली. मग एकेक करून सगळे काकींकडे वळले.

काकी तशाच पाण्यात उभ्या होत्या. पदराचं टोक दातात. नाना पाणकणसांतून निथळत त्यांच्याकडे बघत होते. आणि मी तुम्हाला सांगतो, समितीपुढं उभा असलेला शेठही असा उभा राहिला नसेल. त्याला फार तर सरकारला पटवायचं होतं.

काकींनी पदर सोडला. म्हणाल्या, "उडालं."

एवढंच. त्या बाईच्या शब्दावर आमच्या गावात बांध सरकायचे थांबत. पाटीलमामांनी टोपी काढली, पाण्यात उतरून नानांचा हात धरला आणि त्यांना बाहेर आणलं. नाना चार दातांनी असे हसत होते की बत्तीस असल्यासारखं वाटावं.

पुढं दर भादव्यात पाटीलमामा ओट्यावर येऊन बसत आणि शब्द पाळत. मधे फार तर तंबाखू थुंकायला उठत. नानांची गोष्ट मात्र बदलली. अमेरिकेचं विमान ते आता कागदात होतं तेवढंच उडवत, एक मिनिट, जास्त नाही. म्हणत, खोटं कशाला सांगू. आमचं दीड मिनिट असे. अमेरिकेतलं ते विमान, त्या पुरवणीत लिहिलं होतं, एका प्रचंड शेडमध्ये हवा थंड-गरम न होऊ देता ठेवलं होतं. शेठ जिवंत होता तोवर माणसं रोज त्याची देखभाल करत होती, जणू उद्या उडायचंय. अलीकडे ऐकतो की घुमटाखाली ठेवून लोकांना दाखवतात. मी यावर बरेचदा विचार करतो. एकदाच, एवढंसं उडालेल्या वस्तूला इतकी वर्षं पुसत बसणं म्हणजे वेड. पण मग आम्ही ओट्यावर दुसरं काय करतो?

आणि आता, इतकं बोललोच आहे, तर एक कबूल करून टाकतो. ते विमान उठताना मी पाहिलं नाही. मी गिरणीत होतो. पट्टा चाकावरून घसरला तर माणसाचा हात तोडतो, त्यामुळे त्या क्षणी माझे डोळे पट्ट्यावर होते. बाहेर आरडाओरडा झाला, दोर हलका झाला, मी धावत आलो, तोवर नाना शेवाळात. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्या तालुक्यात मी ते उड्डाण हातवारे करून सांगत फिरत होतो, वांगणीपासून खालापूरपर्यंत, आणि आत कुठंतरी खडा टोचत होता: खरंच उठलं होतं का रे बाबा?

म्हणून त्याच वर्षी, हळवं भात कापून झाल्यावर, मी काकींच्या खळ्यावर गेलो. त्या सूप हलवून भात वारवत होत्या. कोंडा उन्हात सोन्यासारखा उडत होता आणि भाताचे दाणे सरळ खाली पडत होते. नाना पलीकडे बैलाशी काहीतरी बोलत होते, बहुधा विमानाबद्दलच. मी काकींना म्हटलं, मी पट्ट्याकडे बघत होतो, मला दिसलं नाही. तुम्ही एकट्या खरं सांगणाऱ्या. कसं दिसलं ते सांगा.

त्यांनी नाना ऐकत नाहीत ना ते आधी पाहिलं.

"मला काय विचारतूस? माजे डोळे मिटलेले व्हते."

मी म्हटलं, काकी, अख्खं गाव तुमच्या डोळ्यांवर थांबलं होतं.

"आरं, तुजे नाना आत बसले व्हते. समोर आलं तसं माज्यानं बगवंना." सूप थांबलं. "कायबी न कळता गावाला सांगितलं आसतं तर खोटं ठरलं आसतं. मी खोटं नाय बोलले."

मग उडालं म्हणालात ते कशावरून, मी विचारलं.

काकींनी सूप परत हलवायला घेतलं. वारा पडला होता, म्हणून ते खाली टेकवून म्हणाल्या:

"पाणी डोणीखाली वाजत येत व्हतं रं. माज्यासमोर आलं आन वाजायचं थांबलं. मी वाट बगत राह्यले. मंग परत वाजलं, तवा डोळे उगडले."